पोरींच्या हातचं काम

होळी होऊन गेली तरी रोपवाटिकेतल्या पिशव्या संपत नव्हत्या. द्राक्षाच्या खुंटांसाठी काळ्या पिशव्यांत माती भरायची होती आणि केंद्रातल्या सगळ्या रोजंदारीच्या बाया त्याच कामाला लावल्या होत्या. फुलाबाई मातीच्या ढिगापुढं एक पाय पोटाशी घेऊन, दुसरा लांब सोडून बसली होती. डाव्या हातात पिशवी धरायची, उजव्यानं माती लोटायची, अर्धी भरली की भुईवर आपटायची, पुन्हा भरायची, पुन्हा आपटायची आणि मागं रांगेत लावायची. वर हिरवी जाळी होती. ऊन तिच्यातून गाळून यायचं, पण उकाडा खाली साचून राहायचा. मातीत वाळू मिसळलेली, त्यामुळं बोटांची कातडी सोलायची. फुलाबाईनं दोन बोटांना चिंधी बांधली होती. ती घामानं ओली झाली की तिला माती चिकटायची आणि बोट जड व्हायचं.

सलाउद्दीननं ट्रॉली आणून लावली. तो केंद्राचा ड्रायव्हर. ट्रॅक्टर, जीप, विहिरीवरचा पंप, सगळं त्याच्याच हातात. ट्रॅक्टर बंद करून तो खाली उतरला आणि गळ्यातल्या रुमालानं मान पुसत म्हणाला, "फुलाबाई, तुमच्या खोलीपर्यंत जाऊन आले ते लोक."

"कोन लोक?"

"नाशिकहून आलेत. खैरनार सर हैत बरोबर. टेप लावून मोजतायत. गोठा मोजला, गोबरगॅस मोजला, तुमची पडवी मोजली. भिकाभाऊ बाजूला उभे होते, तर त्यांनाच टेपचं टोक धरायला लावलं."

"कशापायी?"

"आराखडा बनतोय म्हणे. पुढच्या दहा सालाचा. केंद्र कसं चालवायचं, काय ठेवायचं, काय नाय."

पलीकडं ठमाबाई बसली होती. फुलाबाई आणि ती एकाच अंगाच्या, पेठकडच्या डोंगरातल्या. माहेरची गावं एका खिंडीच्या दोन बाजूंना. ठमाबाईचा नवरा वारला तेव्हा फुलाबाईनंच तिला इथं कामाला आणलं होतं. ती हातातली पिशवी आपटत म्हणाली, "काय ठेवायचं ते ठेवतील. आपल्याला इचारनार हाय का कोनी?"

सलाउद्दीननं ट्रॉलीचं फाळकं सोडलं आणि माती खाली आली. धुरळा उठला तसा बायांनी पदर तोंडावर घेतला.

केंद्र दिंडोरीच्या पश्चिमेला, डोंगर सुरू होतात तिथल्या माळावर होतं. नाशिकची एक संस्था ते चालवायची. वसतिगृह, वर्गखोल्या, गोठा, भाताची खाचरं, द्राक्षाचा छोटा मळा, रोपवाटिका. आसपासची मुलं दहावी झाल्यावर इथं दोन वर्षं शेतकीचं शिकायची. बाहेरून मदत यायची ती बंद झाली होती. दोन वर्षं पाऊसही हात राखून पडला होता. विहिरीचा पंप सकाळी तासभर चालायचा आणि मग हवा ओढायला लागायचा. हे दोन हजार तीन साल.

फुलाबाई आणि तिचा नवरा भिका इथं आले त्याआधी दर सालाला भात झोडून झालं की डोंगर उतरून द्राक्षाच्या हंगामावर जायचे. मालकाच्या शेडमध्ये, औषधाच्या डब्यांशेजारी झोपायचे. आशा तेव्हा लहान होती. एका साली तिला खोकला लागला तो हंगाम संपेपर्यंत गेला नाही. मग भिकाला केंद्राच्या गोठ्यात काम मिळालं आणि गोठ्यामागची खोली मिळाली. खोली लहान, पावसाळ्यात भिंतीला ओल यायची, पण ती मिळाली म्हणून आशाची शाळा तुटली नाही. आता केंद्रानं मुलींची पहिली तुकडी घेतली, तिच्यात आशा होती. निळा शर्ट, निळी पँट, डोक्याला टोपी. पहिल्या दिवशी भिका गोठ्याच्या दारात उभा राहून तिच्याकडं बघत राहिला होता आणि शेण तसंच राहिलं होतं.

संध्याकाळी आशा खोलीवर आली. ती वसतिगृहात राहायची, पण जेवणाआधी थोडा वेळ यायला परवानगी होती. भिका पडवीत बाजेवर कुशीवर पडला होता. मागं एका गाईनं त्याला गव्हाणीवर दाबलं होतं तेव्हापासून त्याचं कंबरडं धड नव्हतं. बसताना एक हात भुईला टेकवावा लागायचा.

"बा, तुमाला टेप धरायला लावली म्हनं," आशा म्हणाली.

"धरली. त्यात काय. हलकी असती."

"सोमवारी सभा हाय. आराखड्याची. अध्यक्ष येनार हाय. सरांनी दोन पोरं आन दोन पोरी निवडल्या बोलायला. मी हाय त्यात."

फुलाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वळवली. "तू काय बोलनार?"

"आमाला काय पायजे ते सांगायचं. सर म्हनले, घाबरू नका, खरं खरं सांगा."

"सांग मंग," फुलाबाई म्हणाली. तिला बरं वाटलं होतं. तिनं तव्यावरची भाकरी काढून आशापुढं ठेवली. आशा नको म्हणाली, मेसमध्ये जेवायचं आहे म्हणाली, आणि उभ्या उभ्या अर्धी खाऊन गेली.

सोमवारी सकाळी शिपाई रोपवाटिकेत आला. चहा द्यायला दोन बाया पाहिजे होत्या. फुलाबाई आणि ठमाबाई उठल्या. "हात चांगले धुऊन या," तो म्हणाला. पंप बंद झाला होता. दोघींनी ड्रममधल्या पाण्यात कोपरापर्यंत हात धुतले, तरी बोटांच्या रेघांत काळं राहिलंच. फुलाबाईनं चिंधी सोडून ठेवली.

हॉलच्या भिंतीला मोठा नकाशा लावला होता. त्यावर केंद्राची सगळी जमीन रंगानं भरलेली. पुढं खुर्च्यांवर अध्यक्ष आणि संस्थेची माणसं, बाजूला खैरनार सर. खैरनार सर मालेगावकडचे, उंच, थोडे वाकलेले. त्यांच्या शर्टाच्या खिशाला नेहमी शाईचा डाग असायचा. या केंद्रात ते साध्या मास्तराचे प्राचार्य झाले होते. नाशिकचा साहेब काठीनं नकाशा दाखवत होता. इथं शेततळं. इथं गांडूळखत. गोबरगॅसवर मेसची चूल. रोपवाटिका वाढवायची, रोपं विकायची. गोठ्यामागच्या दोन खोल्या पाडून तिथं चाऱ्याचं कोठार. केंद्रानं बाहेरच्या मदतीवाचून आपल्या पायावर उभं राहायला हवं, नाहीतर पुढच्या सालाला रस्त्याकडची जमीन वाईनवाल्यांना द्यावी लागेल आणि एकदा ती गेली की बाकीचीही राहणार नाही.

फुलाबाई भिंतीकडून कपाचा ट्रे घेऊन चालली होती. कोठार म्हणताना साहेबानं काठी कुठं टेकवली ते तिनं पाहिलं. नकाशावर ती जागा बोटाएवढी होती.

मग मुलांना बोलायला सांगितलं. दोन मुलं काहीतरी बोलली, वाचनालय, क्रिकेटचं मैदान. आशा उठली. तिचे हात पाठीमागं होते आणि ते एकमेकांत गुंतलेले फुलाबाईला बाजूनं दिसत होते.

"मला असं सांगायचं आहे," आशा शाळेतल्यासारखं बोलायला लागली, "की आम्ही इथं शेती शिकायला आलोय, पण आम्ही शेती करत नाही. आम्ही बघतो. भाताच्या रोपांची आवणी होते तेव्हा आम्ही बांधावर उभं राहतो आणि वहीत लिहितो. बाया आवणी करतात. आम्ही एक ओळ लावतो, मग सर म्हणतात चला पुढं. असं शिकून आमच्या हाताला काही येणार नाही. आम्हाला आमची शेतं द्या. नांगरण्यापासून काढणीपर्यंत सगळं काम आम्हाला करू द्या. गोठ्यातलं पण. रोपवाटिकेतलं पण."

ती बसली. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. अध्यक्ष साहेबाकडं वळून म्हणाले, "तुमच्या कागदावर जे होतं ते या मुलीनं आपण होऊन सांगितलं. सगळी कामं विद्यार्थ्यांनीच केली तर रोजंदारीचा बोजाच राहत नाही. मजूर कमी झाले की केंद्र तरेल. काय खैरनार?"

खैरनार सर म्हणाले, "होय साहेब." ते नकाशाकडं बघत होते.

आशानं वळून पाहिलं. आई ट्रे घेऊन तिच्या खुर्चीपाशीच होती. ठमाबाई दाराजवळ किटली धरून उभी होती. अध्यक्षांनी कप घ्यायला हात पुढं केला. फुलाबाईचं लक्ष नव्हतं. त्यांनी दोनदा "बाई" म्हटलं तेव्हा तिनं ट्रे पुढं केला.

दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेत ठमाबाई ढिगाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. बाकीच्या बायाही तिकडंच बसल्या. फुलाबाईच्या बाजूला माती जास्त होती, सावलीही जास्त होती, पण कोणी आलं नाही. दुपारी भाकरी सोडल्या तेव्हा ठमाबाई म्हणाली, फुलाबाईकडं न बघता, "पोरीला लय चांगलं बोलता आलं."

"तिला ठाव नव्हतं," फुलाबाई म्हणाली.

"तिला नव्हतं. पोटात तर तुपल्याच होती ना."

मोठ्यानं नव्हती बोलली. फुलाबाईनं भाकरीचा तुकडा चटणीला लावला आणि तोंडात घातला. तो बराच वेळ तोंडातच राहिला.

संध्याकाळी आशा आली आणि पडवीच्या पायरीवर बसली. टोपी हातात होती.

"आये, मी सरांला सांगनार हाय, माझं म्हननं मागं घेते."

"काय म्हननार? खोटं बोलले म्हननार?"

आशा टोपीची कड मुडपत राहिली.

"आमी काम करायचो आन तुमी वह्या घेऊन बांधावर उभ्या राहायच्या, हे मी बी बघितलं. मला बी कसंसं व्हायचं." फुलाबाई चुलीत काटकी सारत होती. "तू खरं बोलली. आता ते खरं हाय म्हनून आपल्याला बाधलं, तर तुपला काय दोस."

"मी शिकनं सोडते. आपन हंगामावर जाऊ तिघं."

"बापाचं कंबरडं बघ आन मंग बोल," फुलाबाई म्हणाली. आशा रडायला लागली. फुलाबाईनं तिला जवळ घेतलं नाही. तिचे हात पिठाचे होते, आणि घेतलं असतं तर आपण काय बोलू याची तिला खात्री नव्हती.

चैत्र संपता संपता खैरनार सरांनी फुलाबाईला ऑफिसात बोलावलं. ती दारात उभी राहिली. त्यांनी खुर्ची दाखवली, ती बसली नाही.

"पावसापासून रोजंदारी बंद होतेय," सर म्हणाले. "मी सहाजणींसाठी भांडलो. एकीला ठेवता येईल. मेसचा ठेकेदार काढलाय, तिथं स्वयंपाकाला एक बाई लागेल. मदतीला मुली पाळीपाळीनं येतील. आणि मेसच्या बाईला खोली लागतेच, म्हणून तुमची खोली मी आराखड्यातून काढून घेतली. दुसरी पाडतील."

"ठमी एकटी हाय, सर. तिला पोरगी हाय आश्रमशाळेत."

"माहीत आहे. तिला ते काम दिलं तर तुमची खोली जाते, फुलाबाई. मग भिकाभाऊंना घेऊन कुठं जाल?" ते थांबले. डोळे चोळले. "मी कुणाकुणाला सांगू. तुम्ही विचार करून सांगा."

भिकानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घे ते काम."

"ठमी काय म्हनंल?"

"ठमी काय म्हनायचं ते म्हनूनच बसली हाय. आता काम घेतलं नाय तर ती गोड बोलंल का? मला हंगामाच्या पिकअपमधी बसून जाता येत नाय, फुले. मी तुला वझं झालोय ते मला ठाव हाय. पर मला कुठं टाकशील?"

फुलाबाई रात्रभर जागी वगैरे राहिली नाही. दिवसभराच्या पिशव्यांनी ती पडल्या पडल्या झोपली. सकाळी उठून ऑफिसात गेली आणि हो म्हणून आली.

ठमाबाईला सांगायला ती रोपवाटिकेत गेली, तर तिथं बातमी आधीच पोचली होती. ठमाबाईनं पिशवी भरली, आपटली, रांगेत लावली. "चांगलं झालं," म्हणाली. "एकीचं तरी झालं." शेवटच्या दिवशी पाचही जणी फाटकाबाहेर पिकअपची वाट बघत उभ्या राहिल्या. फुलाबाई मेसच्या ओट्यावरून बघत होती. गाडी आली, बाया चढल्या, ठमाबाई सगळ्यात शेवटी चढली आणि केंद्राकडं पाठ करून बसली.

मेसचं काम पिशव्यांपेक्षा वेगळं थकवायचं. पहाटे उठून गोबरगॅस लावायचा. तो निळा, अंगात जोर नसलेला जाळ. थंडीपावसात तोही मंद व्हायचा आणि डाळ शिजता शिजायची नाही. मग बाजूला लाकडाची चूल पेटवायची. मोठ्या पातेल्याशी उभं राहून तिच्या पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. मुलं ताट घेऊन रांगेत यायची आणि तिला मावशी म्हणायची. आशाही त्या रांगेत असायची. ती पुढं आली की फुलाबाई सगळ्यांना वाढते तेवढंच वाढायची, मुद्दाम एखादा दाणा कमीच. आशा "आये" म्हणायची नाही, मावशीही म्हणायची नाही. नुसतं ताट पुढं करायची.

त्या साली पाऊस बरा झाला. शेततळं भरलं. आषाढात आवणी सुरू झाली आणि मुलं-मुली सगळी खाचरांत उतरली. पहिले दोन दिवस हसणं, गाणी ऐकू आली. मग पाऊस थांबेना आणि गाणी थांबली. प्लास्टिकचा कागद डोक्यावरून पाठीवर सोडून वाकलेल्या मुली, गुडघाभर चिखल, पायांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या. जेवायला यायच्या तेव्हा बोटं पांढरी पडलेली, घास नीट धरता यायचा नाही. फुलाबाई चुलीवर तेलात हळद गरम करून ठेवायची आणि मुली जेवण झाल्यावर पाय पुढं करून बसायच्या.

सायखेड्याची पल्लवी नावाची मुलगी होती, बागायतदाराची. तिला ताप आला. तिचे वडील मोटारसायकलवर आले, भर पावसात, आणि मेसच्या दारातच खैरनार सरांना म्हणाले, "मी पोरगी शिकायला पाठवली होती, आवणीला नाही. आवणीला माझ्याच घरी बाया येतात." सर समजावत राहिले. वडिलांनी पोरीची पेटी पुढं टाकीवर घेतली, तिला मागं बसवलं आणि घेऊन गेले. दिवाळीपर्यंत आणखी काही मुली गेल्या. मुलंही गेली.

एकदा आशा पाळीनं मेसमध्ये आली होती, भांडी घासायला. घासता घासता थांबून म्हणाली, "आये, तू इतकी वर्षं रोज कशी करायची हे?"

"कशी म्हंजी? करायचे."

"आमाला निदान सांगतात की शिकताय म्हनून."

फुलाबाईनं पातेलं तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः घासायला लागली. "तू ताटं घे," म्हणाली.

भिकाला आता काम नव्हतं. तो गोठ्यात जाऊन बसायचा. मुलं धारा काढायची, शेण काढायची, त्याला काही सांगायची नाहीत आणि उठही म्हणायची नाहीत. कधीतरी एखादी गाय त्याच्या खांद्याला तोंड घासायची, मग तो तिच्या कानामागं खाजवायचा.

पुढच्या उन्हाळ्यात आशाची परीक्षा झाली. रोपवाटिकेतली रोपं विकली गेली होती, जमीन विकावी लागली नव्हती. पण नव्या सालासाठी नावंच येईनात. मुलींची तर तीनच होती. सात तरी झाल्या नाहीत तर मुलींची तुकडी बंद, असं संस्थेनं कळवलं. खैरनार सर वाड्यापाड्यांवर हिंडत होते. एक दिवस ते मेसमध्ये आले.

"फुलाबाई, माझ्याबरोबर चला. तुमच्या बाजूला जायचंय. बाया माझ्याशी बोलत नाहीत. तुमची मुलगी इथं शिकली, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

सलाउद्दीननं जीप काढली. पेठचा रस्ता सोडून ते पाड्यांच्या वाटेला लागले. डोंगर जळल्यासारखे काळे-पिवळे झाले होते. कुठं भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबाच्या राखेचे चौकोन, कुठं नुसता धोंडा. दोन पाड्यांवर गेले. एका ठिकाणी बाया हो हो म्हणाल्या आणि नावं दिली नाहीत. दुसरीकडं सगळी घरं बंद होती, माणसं अजून हंगामावरून यायची होती. दुपार कलली तेव्हा सर म्हणाले, "इथून उंबरपाडा किती लांब? ठमाबाई तिथलीच ना? तिच्या मुलीनं दहावीची परीक्षा दिलीय, असं आश्रमशाळेत कळलं."

फुलाबाईनं बाहेर बघितलं. "हाय जवळच," म्हणाली.

ठमाबाईचं घर कुडाचं, शेणानं सारवलेलं. ती दारापुढं बसून वेचलेली मोहाची फुलं निवडत होती. द्राक्षाच्या औषधानं तिच्या हातांची साल निघाली होती, तळवे गुलाबी दिसत होते. जीप बघून ती उठली नाही. सरांना तिनं गोणपाट टाकून दिलं. फुलाबाई भुईवर बसली. सलाउद्दीन जीपपाशीच थांबला.

सरांनी सगळं सांगितलं. मुलींची तुकडी, दोन वर्षं, राहणं-जेवण केंद्राचं, पुढं नोकरी लागू शकते, स्वतःची रोपवाटिका काढता येते. ते चांगलं बोलायचे, पण आज शब्द दमल्यासारखे येत होते. ठमाबाई फुलं निवडत ऐकत होती. सर थांबले तेव्हा ती फुलाबाईला म्हणाली, "तू सांग. तिथं पोरीला काय करावं लागंल?"

फुलाबाईनं सरांकडं पाहिलं नाही. "आपन करायचो तेच," ती म्हणाली. "पिशव्या भरायच्या. आवनी करायची. श्यान काढायचं. आन सकाळचं वर्गात बसायचं."

"रोज मिळतो?"

"नाय. जेवन आन शिक्शन."

सर गोणपाटाचा सुटलेला धागा ओढत होते.

"तुपली आशी कुठं हाय?"

"तिथंच हाय. सर म्हनतात, तिला ठेवू. नव्या पोरींचं काम बघायला."

"म्हंजी मुकादम."

"हां," फुलाबाई म्हणाली. "मुकादमच."

ठमाबाई हसली नाही. तिनं घरात हाक मारली. तिची पोरगी कुशी बाहेर आली. सडपातळ, उन्हानं रापलेली, डोक्यावर चुंबळ ठेवल्याच्या जागी केस चपटे झालेले. ती दाराच्या खांबाला टेकून उभी राहिली. तिनं सगळं आतून ऐकलं होतं.

"जायाचं का?" ठमाबाईनं विचारलं.

कुशीनं सरांकडं बघितलं, मग फुलाबाईला विचारलं, "मावशे, तिथं पानी कुठून आनायचं असतं?"

"आनायचं नाय. नळ हाय. वसतिगृहातच."

"उन्हाळ्यात बी?"

"आता तळं झालंय. उन्हाळ्यात बी येतं. थोडं येतं, पर येतं."

"मंग जाईन," कुशी म्हणाली.

सरांनी खिशातून पेन काढलं आणि नाव विचारून लिहून घेतलं. त्यांचा चेहरा सैल झाला. ते काही म्हणायला गेले, पण ठमाबाई उठली होती. मोहाची फुलं तिनं सुपात भरली, सूप कुशीच्या हातात दिलं आणि भिंतीशी पालथे घातलेले दोन हंडे उचलले.

"तू कशाला, मी जाते ना," कुशी म्हणाली.

"तू गेल्यावर मलाच जायाचं हाय. आजपासून जाते."

ती वाटेला लागली. फुलाबाई उठली, मागून गेली आणि तिच्या हातातला एक हंडा धरला. ठमाबाईनं तो लगेच सोडला नाही. दोघी तशाच चार पावलं चालल्या, हंडा मध्ये. मग तिनं सोडला.

पाणी डोंगराच्या पोटाला होतं. वाट खडकाची, उतरती. फुलाबाईची पोटरी दुखत होती, ती बाजूला पाय टेकवत उतरली. खाली एका खडकाच्या बेचक्यात झिरा होता, घमेल्याएवढा. तळाशी ओंजळभर पाणी. ठमाबाईनं वाटीनं ते उपसून हंड्यात ओतलं आणि दोघी पुन्हा पाणी साचायची वाट बघत बसल्या. खडक तापलेला होता. वर कुठं झाड नव्हतं.

बऱ्याच वेळानं ठमाबाई म्हणाली, "मेसमधी तूच वाढती ना?"

"मीच."

"पोटभर घालती?"

"घालते. आशीला सोडून सगळ्यांला घालते."

ठमाबाईनं तिच्याकडं बघितलं. सभेनंतर पहिल्यांदाच नीट बघितलं. मग वाकून झिऱ्यात वाटी घातली. वाटी निम्मी भरली. तिनं ती फुलाबाईपुढं धरली. फुलाबाई प्याली. पाणी कोमट होतं, मातीच्या चवीचं.

वरून जीपचा हॉर्न आला. थोडा वेळ गेला आणि पुन्हा आला. फुलाबाईनं रिकामी वाटी ठमाबाईला दिली आणि पदर डोक्यावर पुढं ओढून घेतला. दुसरा हंडा अजून रिकामाच होता. ती उठली नाही.